डिझेल कुठं अडलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं आपण धरूनच चालतो. आज मी डिझेलवर बोलणार आहे. हसू नका. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी कवितेत केलेली नाही, ती एका ट्रकच्या बाबतीत केली. आणि ती चूक समजून घ्यायची तर डिझेल टाकीतून निघून इंजिनापर्यंत कसं जातं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

मी कबनूरचा. इचलकरंजीला खेटून असलेलं आमचं गाव. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे त्या खडखडाटानं आसपासची गावंही आपल्यात ओढून घेतली. आमच्या गल्लीत लहान मूल मागाच्या आवाजात झोपतं आणि लाइट गेली, माग थांबले की दचकून जागं होतं. आवाजातला फरक ओळखायचं शिक्षण आम्हाला असं फुकट मिळतं.

जिथं माग तिथं कापड, आणि जिथं कापड तिथं ट्रक. अब्बांनी कापडाच्या गाठी वाहण्यासाठी एक जुना ट्रक घेतला होता. टाटा १२१०. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, त्या घराण्यातली ही गाडी. पुढे निघालेलं नाक, सहा सिलिंडरचं इंजिन, आणि बाजूला पंप. त्या पंपाला कुणी इंजेक्शन पंप म्हणत नसे, सगळे ‘मायकोचा पंप’ म्हणत. मायको ही १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात.

मी बी.ए. झालो, मराठी विषय घेऊन. नोकरी मिळेना. अब्बा म्हणाले, ‘वही तरी सांभाळ.’ म्हणून ट्रकचा हिशेब माझ्याकडे आला. किती किलोमीटर, किती लिटर, किती भाडं. गाडीवर ड्रायव्हर होते ते जत तालुक्यातले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते अब्बांना चाचा म्हणायचे आणि मला, थोडं चेष्टेनं, धाकलं मालक.

१९९५ सालची गोष्ट. वहीत मला दिसलं की डिझेल जास्त जातंय. लिटरला चार किलोमीटर पडायचे, ते थोडे कमी पडू लागले होते. खरं तर गाडी जुनी झाली होती, टायर झिजले होते, माल वाढला होता. पण माझ्या डोक्यात एकच आलं, डिझेल चोरीला जातंय. मी काय केलं, टाकीचं जुनं झाकण काढून बाजारातून कुलपाचं नवं झाकण आणून बसवलं. घट्ट, चकचकीत, आतून जाड रबरी वायसर असलेलं. एक चावी अण्णांकडे दिली, एक माझ्याकडे ठेवली. मला वाटलं, मोठं व्यवस्थापन केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत गाडी बसायला लागली.

‘बसायला लागली’ म्हणजे काय, ते सांगतो. भिवंडीला गाठी घेऊन जाताना अण्णा साताऱ्याजवळच्या एका पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घेत, तिथं आमचं खातं होतं. तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर खंबाटकी घाट. तेव्हा बोगदा नव्हता. जाणारी-येणारी सगळी वाहनं घाटातूनच. घाट चढताना गाडीची ताकद जायची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन घुसमटल्यासारखं करायचं, आचके द्यायचं आणि बंद पडायचं. काही वेळानं पुन्हा चालू व्हायची. भिवंडीहून रिकामी परत येताना मात्र एकदम शहाणी. कबनूरला गॅरेजात उभी केली की काहीच दोष दिसायचा नाही.

पहिल्या खेपेनंतर अण्णा म्हणाले, ‘धाकलं मालक, काय तरी येगळंच हाय. झाकण उघडलं की गाडी पळतीया.’

दुसऱ्या खेपेनंतर तेच. ‘टाकी फुल्ल केली की बसती. झाकण उघडून बघितलं की पुन्हा चालती. आन् टाकीतनं टण्णदिशी आवाज येतोय.’

श्रोतेहो, मी मराठीचा पदवीधर. एकेका शब्दाचे चार अर्थ काढायची मला सवय. अण्णांच्या त्या साध्या वाक्यात मी पाचवा अर्थ काढला. हा माणूस घाटात टाकीचं झाकण उघडतो. कशाला? डिझेल काढून रेशनचं रॉकेल ओतायला. त्या काळी डिझेल आणि रेशनचं रॉकेल यांच्या भावात मोठा फरक होता, भेसळीच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. मला सगळं जुळलं. रॉकेल घातलं म्हणून गाडी बसते, आणि बसते म्हणून हा बनवाबनवी करतो.

तिसऱ्या खेपेनंतर मी त्यांना ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात, चार ड्रायव्हरांच्या देखत विचारलं, ‘किती लिटर विकलं?’ ते माझ्याकडे बघत राहिले. मग चावी टेबलावर ठेवून निघून गेले. पगारही मागितला नाही.

आता थोडं इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबानं ती इतकी तापते की वरून डिझेलचा फवारा पडताच पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानं १८९७ साली असं इंजिन चालवून दाखवलं. पण फवारा अचूक कसा मारायचा हा प्रश्न बरीच वर्षं होता. बॉशनं १९२७ साली पंप बनवून विकायला सुरुवात केली, तेव्हा कुठं डिझेलच्या ट्रकला बरे दिवस आले. आमच्या भागाला हे इंजिन परकं नव्हतं. पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही ऑइल इंजिनं बनत, आणि नदीकाठच्या उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला एअर काढणं म्हणजे काय हे बिनशिकता माहीत असे.

ट्रकमध्ये डिझेलचा प्रवास असा. टाकीतून नळी निघते. पंपाच्या अंगावर एक छोटा पंप असतो, त्याला फीड पंप म्हणतात. तो टाकीतलं डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. मोठा पंप ते प्रचंड दाबानं सहा नळ्यांतून सहा नोझलना पाठवतो. आमच्या इंजिनाचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. मला हा क्रम एखाद्या वृत्तासारखा पाठ आहे. एका वेळी नोझलमधून पडतं ते एखाद-दुसऱ्या थेंबाएवढं डिझेल. उरलेलं दुसऱ्या नळीनं परत टाकीत.

म्हणजे या प्रवासाचे दोन भाग पडतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथून पुढे ते ढकललं जातं. ओढण्याच्या भागात नळीला बारीक चीर पडली, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते. फुटक्या स्ट्रॉनं सरबत पिऊन बघा, म्हणजे कळेल. ढकलण्याच्या भागात चीर पडली तर मात्र डिझेल बाहेर दिसतं. गाडी कोरडी दिसते म्हणून नळी चांगली, असं म्हणता येत नाही ते यामुळं.

अण्णा गेल्यावर मी काय केलं? सगळ्यात महाग भागावर बोट ठेवलं. रॉकेलनं पंप खराब झाला असणार, असं मीच ठरवलं. रॉकेल पातळ असतं, पंपाच्या भागांना त्यातून पुरेसं वंगण मिळत नाही, ते लवकर झिजतात, एवढं मी ऐकून होतो. पंप उतरवून कामाला दिला. ज्यांनी तो उघडला ते म्हणाले, ‘पंप फारसा झिजलेला नाही.’ मी म्हटलं, ‘तरी करून टाका.’ नोझलही बदलले. एका महिन्याचं भाडं त्यात गेलं. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त वही मागून घेऊन त्या पानाकडे बघत बसले.

नवा ड्रायव्हर ठेवला. आता मी आणखी हुशार झालो होतो. झाकणाची चावी ड्रायव्हरला द्यायचीच नाही. एक पंपावर ठेवली, एक माझ्या खिशात. पहिल्याच खेपेला गाडी खंबाटकीत बसली ती उठेचना. चाकाला दगड लावून नवा ड्रायव्हर आणि क्लीनर साडेतीन तास घाटात उभे. मागं वाहनांची रांग. शेवटी एका दुसऱ्या ट्रकनं ओढून वर नेलं.

मग अब्बा म्हणाले, ‘मामूला बोलाव.’

मामू म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री. वय साठीच्या पुढे, एका कानानं कमी ऐकू येणारे, आणि दुसऱ्या कानानं इंजिनातलं सगळं ऐकू येणारे. सारा रस्ता त्यांना मामू म्हणायचा. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. रॉकेल, पंप, नोझल, घाट. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. नव्या ड्रायव्हरला विचारलं, ‘बसती तवा धूर कसा?’

‘धूर न्हाईच मामू.’

‘काळा?’

‘काळा बी न्हाई, पांढरा बी न्हाई. नुसतीच घुसमटती.’

मामूंनी मान हलवली. हा प्रश्न किती मोठा होता हे मला नंतर कळलं. ताकद नाही आणि काळा धूर आहे, म्हणजे डिझेल पोचतंय पण नीट जळत नाही. एअर क्लीनर तुंबला असेल, नोझल फवारा मारायचं सोडून ठिबकत असेल. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. निळा म्हणजे इंजिनातलं ऑइल जळतंय. पण ताकदही नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. वाटेत कुठंतरी अडलंय.

दुसरा प्रश्न. ‘टाकी फुल्ल असताना बसती का अर्धी असताना?’

‘फुल्ल केली की तासा-दीड तासात. अर्धी असली तर चालती.’

मामू म्हणाले, ‘पुढच्या खेपेला मी येतो. पाच लिटरचा कॅन घ्या, चार हात पारदर्शक नळी घ्या.’ आणि माझ्याकडे वळून, ‘तू भी चल, बाबा. गाडी झूट नै बोलती, सुननेवाला चाहिए.’

गाठी भरल्या, साताऱ्याजवळ टाकी फुल्ल केली, मी स्वतः कुलूप लावून चावी शर्टाच्या खिशात टाकली. केबिनमध्ये आम्ही चौघे. खंबाटकीच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर इंजिनाचा आवाज बदलला. मागाचा धोटा अडकताना आधी जसा एक ठोका चुकतो, तसा ठोका चुकला. मग दुसरा. मामूंनी गाडी कडेला घ्यायला लावली, क्लीनरनं मागं दगड लावले.

पुढे मामूंनी जे केलं ते मी आजवर विसरलेलो नाही. त्यांनी काहीही खोललं नाही. आधी फीड पंपावरच्या हातपंपाची मूठ फिरवून मोकळी केली आणि ओढली. ती जड येत होती. सोडली की आपोआप आत जात होती. मला म्हणाले, ‘तू ओढ.’ मी ओढली. कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं वाटलं.

मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला केला आणि पुन्हा हातपंप मारला. डिझेल आलं, पण अगदी थोडं. बुडबुडे नव्हते. मामू म्हणाले, ‘बुडबुडं असतं तर नळीला चीर, न्हाई तर वायसर गेलाय म्हनलो असतो. बुडबुडं न्हाईत. म्हंजे हवा येत न्हाई. डिझेलच येत न्हाई.’

तिसरी गोष्ट. त्यांनी टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून सोडवली आणि तिथं आमची पारदर्शक नळी लावली. नळीचं दुसरं टोक डिझेलच्या कॅनमध्ये, आणि कॅन बॉनेटच्या कडेला उंचावर बांधला. एअर काढली. स्टार्टर मारला. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं आणि असं गरजलं की घाटात आवाज घुमला. ॲक्सिलरेटर दाबला, आचका नाही. मामूंनी पंपावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हा पंप निर्दोष हाय. फीड पंप निर्दोष. फिल्टर निर्दोष. सहाच्या सहा नोझल निर्दोष. चूक हिकडं न्हाई, तिकडं हाय.’ आणि टाकीकडे बोट दाखवलं.

एका कॅननं आणि एका नळीनं पाच मिनिटांत अर्धा ट्रक संशयातून सुटला होता. महिन्याचं भाडं घालवून मी जे केलं नव्हतं, ते.

नळी पुन्हा होती तशी जोडली. मामूंनी टाकीला चांगला कान लावला. टाकीची बाहेरची बाजू थोडी आत ओढली गेलेली दिसत होती. ते म्हणाले, ‘चावी दे.’

मी खिशातून चावी दिली. त्यांनी झाकण हळूच फिरवलं. फुस्स करून आवाज आला. टायरची हवा सुटते तसा, पण उलटा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. पाठोपाठ टाकीचा पत्रा टण्णदिशी जागेवर आला. ‘आता मूठ ओढ,’ मामू म्हणाले. हातपंपाची मूठ लोण्यातून सुरी यावी तशी आली.

झाकणाला हवेचं भोकच नव्हतं.

साधी गोष्ट होती. टाकीतून डिझेल जितकं जाईल तितकी हवा आत यायला हवी. आमच्या जुन्या झाकणात त्यासाठी बारीक वाट होती. मी आणलेलं झाकण वाईट नव्हतं. ज्या टाकीला हवेची वेगळी नळी असते तिच्यासाठी ते होतं. आमच्या टाकीवर ते बसलं आणि टाकी बंद बाटलीसारखी झाली. डिझेल ओढलं जाई, हवा येत नसे, आत पोकळी वाढत जाई. शेवटी फीड पंपाची ओढ कमी पडे.

आणि टाकी फुल्ल असतानाच का? फुल्ल टाकीत वर हवा थोडी असते. तिच्यातून आठ-दहा लिटर डिझेल गेलं की उरलेली थोडी हवा ताणली जाते, दाब झपाट्यानं उतरतो. अर्ध्या टाकीत हवा भरपूर असते, तेवढंच डिझेल गेलं तरी फारसा फरक पडत नाही. साताऱ्यापासून खंबाटकीपर्यंत चाळीस किलोमीटर, लिटरला चार. हिशेब करा, दहा लिटर. माझ्या वहीत हे सगळे आकडे होते. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, म्हणून परतताना ती शहाणी. गॅरेजात पहिलं काम झाकण उघडून डिझेल बघायचं, म्हणून तिथं ती निरोगी.

भेसळीचं डिझेल असं वागत नाही. त्यानं ताकद कमी होईल, पंप झिजेल. पण झाकण उघडून बंद केल्यानं ते शुद्ध होणार नाही. एवढा विचार मी केला असता तरी पुरे होतं.

मामूंनी झाकणातला रबरी वायसर काढून टाकला, तात्पुरती हवेला वाट दिली. गाडी घाट चढली. वरच्या सपाटीवर चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तो पैला डायवर काय म्हनत हुता?’

मी म्हटलं, ‘झाकण उघडलं की गाडी पळते, म्हणत होता.’

मामूंनी बशी खाली ठेवली. ‘आन् टाकीतनं आवाज?’

‘टण्ण वाजतं, म्हणत होता.’

‘मग त्यानं तुला सगळंच सांगितलं हुतं की रे.’

त्यानंतर पुण्यापर्यंत केबिनमध्ये कुणी बोललं नाही.

परत आल्यावर अब्बांनी मला एकच वाक्य सांगितलं, ‘जाऊन ये.’ मी जत तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो. अण्णा घरी नव्हते. उसाचा हंगाम होता, ते एका कारखान्याच्या टोळीचा ट्रॅक्टर चालवायला गेले होते. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘डिझेल विकतंय म्हनून नाव झालं, कुनी ट्रक देईना. म्हनून ट्रॅक्टर.’ मी चार ड्रायव्हरांच्या देखत बोललेलं वाक्य माझ्या आधी त्या गावात पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी फडावर ते भेटले. मी झाकणाचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मध्ये एकदा विचारलं, ‘पंप खोलला का?’ मी हो म्हटलं. ‘उगाच खोलला,’ ते म्हणाले, ‘चांगला पंप हुता.’ माफीबद्दल ते काही बोलले नाहीत. परत या म्हटलं, तर म्हणाले, ‘न्हाई मालक. पर माझं अकरा दिसाचं राहिल्यात.’ मी पाकीट दिलं. त्यांनी समोर मोजलं, अकरा दिवसांच्या वरचे पैसे वेगळे काढून माझ्या हातात परत ठेवले आणि ट्रॅक्टरवर चढले. या वेळी ते मला धाकलं मालक म्हणाले नव्हते, हे मला एस.टी.त बसल्यावर कळलं.

एक काम उरलं होतं. मी ट्रान्स्पोर्टच्या त्याच ऑफिसात गेलो, ड्रायव्हर मंडळी जमायची वेळ बघून. उभा राहिलो आणि सांगितलं, अण्णांनी डिझेल विकलं नव्हतं, चूक माझ्या झाकणाची होती, मी खोटं बोललो. कविसंमेलनात पाचशे माणसांपुढे मी बिनधास्त वाचतो. त्या दिवशी सात-आठ माणसं होती आणि माझे पाय कापत होते. पुढच्या महिन्यात अण्णांना दुसऱ्या मालकाचा ट्रक मिळाला, एवढं मला समजलं.

आज रस्त्यावरच्या गाड्या बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बी.एस. सहाचे नियम आले. नव्या ट्रकमध्ये कॉमन रेल असते, दाब जुन्या गाड्यांच्या कित्येक पट, सगळं कॉम्प्युटर बघतो. तिथं जुन्या मिस्त्रीसारखी चालू इंजिनात नोझलची नळी ढिली करायला जाऊ नका. त्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत शिरतो, हात गमवावा लागतो. पण जुन्या गाड्या अजून शेतावर, खाणीवर, वीटभट्टीवर राबताहेत. त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना मामूंचा क्रम सांगून ठेवतो.

आधी चालवणाऱ्याला विचारा, कधी बसते, किती भारावर, टाकीत किती असताना, धूर कसा. मग टाकी बघा, झाकणाची हवा, तळाचं पाणी, गाळ. पावसाळ्यात रिकामी टाकी रात्रभर ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, म्हणून संध्याकाळी भरून ठेवलेली बरी. मग ओढणारी नळी आणि तिचे वायसर. मग फीड पंपाची जाळी, मग फिल्टर. कॅनची परीक्षा घ्या, दोष अलीकडे की पलीकडे ते कळेल. एखादाच सिलिंडर चुकत असेल तर जुन्या पंपाच्या गाडीत, जाणत्या मिस्त्रीकडून, एकेका नोझलच्या नळीचा नट ढिला करून बघतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता, बदलला नाही तर तोच आजारी. आणि मोठा पंप सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो, कारण महाग भागाला दोष दिला की काहीतरी मोठं केल्यासारखं वाटतं.

आमचा १२१० पुढे विकला. अब्बा गेले, मामू गेले. अण्णा आहेत, सत्तरीच्या घरात. त्यांचा मुलगा आता ट्रक चालवतो, नवा, कॉम्प्युटरवाला. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते या मुलामुळं. इचलकरंजीला माल भरायला आला की तो कबनूरला घरी येतो, चहा घेतो.

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. गाडीची ताकद जात होती, स्कॅनर लावला तर डिझेलचा दाब कमी असल्याचा कोड दाखवत होता. का कमी, ते स्कॅनर सांगत नव्हता. पंप बदलायचा म्हणून मोठा आकडा सांगितला होता. मी म्हटलं, ‘वडिलांना विचारलंस का?’

‘विचारलं की,’ तो हसत म्हणाला, ‘बाबा म्हनले, आधी झाकण उघडून बघ. आन् तुमास्नी सांग, म्हनले, धाकलं मालकास्नी.’

झाकण ठीक होतं. फिल्टर तुंबला होता. पंप बदलावा लागला नाही.